पुरवणीला दोरा बांधा

प्रति,
मराठवाड्यातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे मार्गदर्शक, संशोधन समित्यांचे सदस्य आणि संशोधनपत्रिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. शोधनिबंधाला मूळ आकड्यांची पुरवणी नीट जोडा, एवढं मागायला हे पत्र लिहितो आहे.

गेल्या आषाढात वसमतकडची एक मुलगी माझ्या घरी आली. पीएच.डी. करते, विषय सोयाबीन. पिशवीत वीसेक शोधनिबंधांच्या झेरॉक्स. मराठवाड्यात इतकी वर्षं सोयाबीनच्या वाणांवर, पेरणीच्या अंतरावर, रुंद वरंबा-सरीवर जे प्रयोग झाले, त्यांचे आकडे एकत्र मांडून काही ठाम सांगता येतं का, हे तिला बघायचं होतं. परभणीत एक नोंदवहीवाले काका राहतात, त्यांना विचार, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. ते काका म्हणजे मी. एका संशोधन केंद्रावर एकतीस वर्षं कृषी सहायक होतो. प्लॉट आखायचे, पाट्या रोवायच्या, झाडं मोजायची, कापणी झाली की वजन करायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. संख्याशास्त्र शिकलो ते साहेबांच्या टेबलाशेजारी उभं राहून.

पोरीनं झेरॉक्स सतरंजीवर पसरल्या आणि म्हणाली, "काका, यातल्या अकरा निबंधांत रिप्लिकेशन किती होते तेच लिहिलेलं नाही. मी आता काय करू?"

मी तिला चहा दिला. देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण शेतीचे नाहीत, म्हणून थोडं उलगडून सांगतो. समजा आठ वाणांची तुलना करायची आहे. रान सगळीकडे सारखं नसतं, म्हणून प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी पेरायचा. म्हणजे तीन रिप्लिकेशन, चोवीस प्लॉट. कापणीनंतर माझ्या वहीत चोवीस वजनं येतात. निबंधात छापून येतात आठ सरासऱ्या आणि खाली दोन आकडे: एसई, म्हणजे सरासरीतली प्रमाण चूक, आणि सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन वाणांच्या सरासरीतला फरक सीडीपेक्षा जास्त असला तर तो खरा मानायचा, नाहीतर योगायोग. पद्धत चांगली आहे, जगभर चालते. पण चोवीसचे आठ झाले, की उरलेलं कुठं गेलं हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

पोरगी हुशार. तिनं उलटा हिशोब मांडला होता. आठ वाण आणि तीन रिप्लिकेशन असले, तर सीडीला एसईनं भागल्यावर ३.०३ यायला हवं. चार रिप्लिकेशन असले तर २.९४. त्यावरून न छापलेली संख्या ओळखायची. पण एसई छापलेली ०.६, एकाच दशांशात. ती ०.५५ पासून ०.६५ पर्यंत काहीही असू शकते. भागाकार कुठंही जातो. आणि रिप्लिकेशनची संख्या हाताशी नसली तर प्रयोगातली मूळ चूक किती, हे निघत नाही, कारण एसईचा वर्ग करून त्याच संख्येनं गुणायचं असतं. चूक कळली नाही तर हा प्रयोग दुसऱ्या प्रयोगाशेजारी ठेवता येत नाही. छापताना एक आकडा गळला, म्हणून तीन हंगामांची मेहनत बाद. एका निबंधात तर सीडी एसईच्या हिशोबानं यायला हवी त्याच्या दीडपट होती. टंकलेखनाची चूक असेल. पण टंकलेखनाची की गणिताची, हे ठरवणार कशावरून?

आता सरासरीचं बघा. एका वाणाचं उत्पन्न तीन प्लॉटांत हेक्टरी १७, १६ आणि १७ क्विंटल. दुसऱ्याचं २१, २० आणि ९. दोघांची बेरीज पन्नास, दोघांची सरासरी १६.६७. तक्त्यात दोघे एका मापाचे. पण तो नऊ क्विंटलवाला प्लॉट ओढ्याच्या कडेला होता, तिथं भादव्यात आठ दिवस पाणी साचलं होतं. ज्याची जमीन निचऱ्याची त्यानं डोळे झाकून दुसरा वाण घ्यावा, आणि ज्याची चिबड त्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. शेतकऱ्याच्या उपयोगाची सगळ्यात मोठी गोष्ट त्या प्रयोगात हीच होती, आणि सरासरी काढताना नेमकी तीच पुसली गेली. फ्रान्सिस ॲन्स्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडून हेच दाखवलं होतं. चौघांच्या सरासऱ्या सारख्या, चौघांचा सहसंबंध ०.८१६ च्या घरात, चौघांतून जाणारी सरळ रेषाही तीच. आणि कागदावर काढले की चौघांचे चेहरे पार वेगळे.

आपल्याकडच्या प्रबंधांत पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास असतं: विश्लेषण पानसे आणि सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार केले. दोघेही शेतीचे संख्याशास्त्रज्ञ. सुखात्मे आपल्याच महाराष्ट्रातले, साताऱ्याकडचे. त्या दोघांचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ मध्ये काढलं, आणि पीक कापणीचे नमुने घेऊन देशाचं उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवण्यात दोघांचाही मोठा हात. (एकाच विभागातल्या दोन प्रबंधांत पुस्तकाचं साल कुठं १९६७, कुठं १९८५ असतं. आवृत्ती कुठली वापरली ते सोडा, पुस्तक उघडलं होतं का, अशी शंका येते.) त्यांचं नाव लिहून मोकळं होता येतं. प्लॉटनिहाय आकडे मात्र जोडायचे राहतात.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो शेरा. एका वर्षी सतरा नंबरच्या प्लॉटमध्ये रानडुकरं घुसली. सकाळी जाऊन बघतो तर निम्मं रान उलथलेलं. मी वहीत लिहिलं: "प्लॉट १७, डुक्कर, वजन धरू नये." साहेबांनी नियमाप्रमाणं त्या प्लॉटचा आकडा बाकीच्या प्लॉटांवरून अंदाजून भरला. यात गैर काही नाही, तशी मान्य पद्धत आहे. फक्त भरलेला आकडा हा मोजलेला आकडा नसतो, म्हणून चुकीचे अंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे चूक मोजायला उरलेले स्वतंत्र आकडे) चौदावरून तेरावर आणावे लागतात. निबंध छापून आला तेव्हा त्यात डुक्कर नव्हतं, अंदाज नव्हता, आणि अंश चौदाच होते. तलाठ्याच्या बाराच्या उताऱ्यालासुद्धा शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. पड, पाण्याखाली, काय असेल ते लिहिता येतं. शास्त्राच्या तक्त्याला तेवढीही सोय असू नये?

याहून मोठं दुखणं बाद केलेल्या वर्षांचं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच्या आधीच्या खरिपात आमच्याकडे दोन प्रयोग होते. पाऊस दडी मारून बसला, रोपं जागोजागी जळाली, एका प्लॉटला चार क्विंटल तर शेजारच्याला शून्य. सीव्ही, म्हणजे सरासरीच्या मानानं आकड्यांतला चढउतार, भलतीच वर गेली, म्हणून प्रयोग बाद. पुढच्या दोन बऱ्या वर्षांची सरासरी छापली आणि शिफारस झाली. सीव्ही जास्त म्हणजे प्रयोग ढिसाळ, हा नियम बागायती भागात ठीक असेल. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात जास्त सीव्ही म्हणजे दुष्काळ स्वतः येऊन सही करून गेला. ज्या वर्षी काय टिकलं आणि काय गेलं हे शेतकऱ्याला कळायला हवं, तेच वर्ष आपण वगळतो. मुख्य निबंधात त्याला जागा नसेल तर नसो. मग पुरवणी कशासाठी असते?

पुरवणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. परीक्षेत पुरवणी घेतली की तिच्यावर बैठक क्रमांक लिहावा लागतो, पर्यवेक्षकाची सही लागते, मुख्य उत्तरपत्रिकेवर किती पुरवण्या ते मांडावं लागतं, आणि दोऱ्यानं बांधावं लागतं. सुटी राहिली तर तपासणारा तिला हात लावत नाही. संशोधनाच्या पुरवण्या आज बहुतेक अशाच सुट्या फिरत आहेत. कुठं "आकडे मागणीनुसार उपलब्ध" एवढंच वाक्य. कुठं विभागाच्या संकेतस्थळावरचा दुवा, जो पुढच्या वर्षी संकेतस्थळ बदललं की मेला. कुठं गूगल ड्राइव्ह. क्लिक केलं की परवानगी मागा म्हणतो, आणि परवानगी देणारा विद्यार्थी आता बँकेत नोकरीला लागलेला असतो.

"मागणीनुसार" या शब्दाची किंमत मोजलेली आहे. २००६ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी १४१ निबंधांच्या लेखकांना पत्रं लिहून आकडे मागितले. त्या सगळ्यांनी छापतानाच आकडे देण्याचं कबूल केलेलं होतं. ७३ टक्क्यांनी दिले नाहीत. पुढं २०१४ मध्ये परिसरशास्त्राच्या ५१६ निबंधांचा असाच पाठपुरावा झाला; निबंध जुना होईल तशी आकडे शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षी सतरा टक्क्यांनी घटत जाते, असं दिसलं. ती मंडळी लबाड होती असं नाही. संगणक बदलतो, माणूस गाव बदलतो, डिस्क उघडत नाही. वसमतच्या पोरीला मिळालेली उत्तरं मी फोनच्या स्पीकरवर ऐकली. एकाचा पेन ड्राइव्ह खराब झालेला. एका मॅडमचे गाईड निवृत्त. एक सर म्हणाले, "बेटा, ते सगळं रद्दीत गेलं बघ." ते खरं बोलत होते. माझ्या केंद्रावरच्या पक्क्या नोंदवह्याही मी निवृत्त झाल्यावर रद्दीतच गेल्या.

आकडे उघडे टाकले तर कुणीतरी आपली चूक काढेल, ही भीती मला कळते. २०१० मध्ये दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी, राइनहार्ट आणि रोगोफ यांनी, एक निबंध लिहिला. देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपुढं गेलं की वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते, असं त्यात होतं. सरकारं त्याचे दाखले देऊन काटकसर करू लागली. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं वर्गातला गृहपाठ म्हणून तेच गणित करून पाहिलं, ते जुळेना, म्हणून त्यानं लेखकांकडे एक्सेलची मूळ फाइल मागितली. त्यांनी दिली, हे त्यांचं मोठेपण. सरासरीच्या सूत्रात ओळी पूर्ण निवडलेल्या नव्हत्या, पाच देश बाहेर राहिले होते. ही चूक, वगळलेली काही वर्षं आणि देशांना दिलेलं वजन असं सगळं धरून फिरून मांडलं तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ आलं. नामांकितांचं असं होतं, तर आपलं होणारच. फाइल पहिल्या दिवसापासून जोडलेली असती तर ही चूक तीन वर्षं जगभर फिरली नसती.

"आमच्या पोराचे आकडे दुसराच वापरेल," असंही मार्गदर्शक म्हणतात. प्रबंध मान्य होईपर्यंत फाइल बंद ठेवा, कुणी नको म्हणत नाही. त्यानंतर ती तारखेसकट आणि कायमच्या क्रमांकासकट जमा झाली, की आकडे कुणाचे हा वादच उरत नाही.

आता पुरवणी जोडायची कशी, ते थोडं सविस्तर, कारण जोडणारेही ती अशी जोडतात की नसलेली बरी. एका प्रबंधाचं परिशिष्ट मी पाहिलं: छापलेल्या तक्त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो, त्यांची पीडीएफ. त्यातून एकही आकडा उचलता येत नाही, पुन्हा हातानं टंकावं लागतं. दुसऱ्यात रंगीत एक्सेल; पिवळा म्हणजे काय आणि हिरवा म्हणजे काय, ते रंगवणाऱ्यालाच माहीत. साधी गोष्ट आहे. एका ओळीत एक प्लॉट. वर एकच शीर्षकाची ओळ. रकाने कुणीही ओळखेल असे: वर्ष, ठिकाण, पट्टा, प्लॉट क्रमांक, वाण, वजन, शेरा. वजन किलोत की क्विंटलमध्ये, एकरी की हेक्टरी, कडेच्या ओळी सोडून की धरून, हे सगळं सोबतच्या एका पानावर शब्दांत लिहावं. "टी-१ ते टी-८" म्हणजे काय, हेही त्याच पानावर. गुंठ्याचं हेक्टर करताना कितीनं गुणलं ते सांगावं. तिथं चुकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आलेखावरच्या उभ्या काड्या एसईच्या की प्रमाण विचलनाच्या, हा एक शब्द तरी खाली टाकाच. तीन रिप्लिकेशन असले तर दोन्हींत पावणेदोन पटीचा फरक पडतो.

एक्सेलवर फार विश्वास ठेवू नका. दुसऱ्या पट्ट्यातला तिसरा प्लॉट म्हणून "२-३" लिहिलं, की एक्सेल त्याचा दोन मार्च करून टाकतं. हसू नका. जनुकांच्या नावांचंही असंच झालं होतं. मार्च-१, सेप्ट-२ अशी नावं तारखा बनून पुरवण्यांमध्ये गेली. २०१६ मध्ये एका गटानं तपासलं, तर जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी जवळपास एक पंचमांश निबंधांत ही चूक होती. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, माणसाच्या जनुकांची नावं बदलली! म्हणून शेवटची फाइल साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुराच्या फाइलीत) ठेवा, आणि युनिकोडमध्येच जतन करा. नाहीतर मराठीतले शेरे प्रश्नचिन्हांच्या रांगा होतात. जुनी सर्वेक्षणं शिवाजी किंवा श्रीलिपी फॉण्टमध्ये टंकलेली पडून आहेत. आज उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये आणण्याचं काम एखाद्या विभागानं उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं तर पुण्य लागेल.

सामाजिक शास्त्रांच्या मार्गदर्शकांना एक वेगळी विनंती. आमच्या भागात आत्महत्याग्रस्त कुटुंबांची सर्वेक्षणं सारखी होतात. तिथं "सगळं उघडं करा" असं मी म्हणणार नाही. नाव काढून टाकलं तरी गाव, जात, जमीन आणि घटनेचं वर्ष हे चार रकाने शेजारी आले, की गावातलं शेंबडं पोरही घर दाखवेल. गट नंबर तर मुळीच नको. गावाऐवजी तालुका द्या, जमिनीचे टप्पे करा, वर्षं एकत्र करा, आणि हे केल्याचं पुरवणीत लिहा. सोयाबीनच्या प्लॉटला लाज नसते. माणसांना असते.

आणखी एक खोड हल्ली दिसते. जे निष्कर्षाच्या विरोधात जातं, ते गुपचूप पुरवणीच्या तळाला टाकायचं. ज्याच्यावर निष्कर्ष उभा आहे आणि ज्यानं तो डळमळतो, दोन्ही मुख्य निबंधातच आलं पाहिजे. तपासायला लागतं ते पुरवणीत. आणि पुरवणीतल्या प्रत्येक तक्त्याचा उल्लेख मुख्य मजकुरात एकदा तरी यावा, नाहीतर तो आहे हे कळणार कुणाला?

माझं मागणं विद्यापीठांना झेपणारं आहे. प्रबंध आजही शोधगंगा या ऑनलाइन भांडारावर आणि शेतीचे असतील तर कृषिकोषावर चढवले जातात. त्याच दिवशी, त्याच नोंदीला प्लॉटनिहाय किंवा कुटुंबनिहाय फाइल जोडल्याशिवाय मौखिक परीक्षेची तारीख देऊ नये. संपादकांनी फाइल आल्याशिवाय निबंध परीक्षकाकडे धाडू नये. पत्रिकेकडे जागा नसेल तर झेनोडो आहे, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेची फाइली ऑनलाइन जमा करायची सोय, २०१३ पासून चालू, फुकट. कायमचा क्रमांक मिळतो, तो निबंधात छापता येतो. बाहेरच्या परीक्षकानं फाइल उघडावी, एक सरासरी स्वतः काढावी, तक्त्याशी जुळवावी आणि तसं अहवालात लिहावं. दहा मिनिटांचं काम आहे. पर्यवेक्षकाची सही म्हणतात ती हीच.

आमच्या गावातला अडाणी माणूससुद्धा आकडा असाच्या असा गिळत नाही. अतिवृष्टीला चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट आहे. पाऊस पडला की सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न, आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक किती म्हणतंय? आणेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की लोक विचारतात, कुणाच्या रानात कापणी केली, कोण हजर होतं. ज्यांच्यासाठी आपण संशोधन करतो ते असे आहेत. आपले निबंध त्यांच्या हातात पडत नाहीत म्हणून निभावतं आहे.

वसमतच्या पोरीच्या वीसपैकी चार निबंधांचे मूळ आकडे माझ्याकडे निघाले. पक्क्या वह्या गेल्या, पण शेतात बसून लिहिलेल्या कच्च्या वह्या मी घरी आणून ठेवल्या होत्या. घामाचे डाग आहेत, काही पानांवर पाऊस पडलाय, डुकराचा शेरा जसाच्या तसा आहे. चोवीस-चोवीस ओळी आम्ही दोघांनी बसून उतरवल्या. ती वाचायची, मी खात्री करायचो. बाकीच्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, एकंदर त्रेचाळीस. ज्या विभागाला हव्या असतील त्यांनी टंकणारी दोन पोरं घेऊन यावं. फक्त मृगाच्या आधी या, पत्रे गळतात.

आपला,
नोंदवहीवाले काका
परभणी